काळ्या दारूच्या रायफलसाठी पितळी पुंगळ्या: निवड, धुलाई आणि तोंड मऊ करणे

प्रश्न : एकनळी

नमस्कार. माझ्याकडे शार्प्सच्या १८७४ सालच्या घडणीवर बेतलेली, एका वेळी एकच काडतूस घेणारी ४५-७० ची (म्हणजे साधारण ०.४५ इंच व्यासाची गोळी आणि मूळच्या भरणात ७० ग्रेन दारू; ग्रेन हे वजनाचे छोटे माप, सुमारे ०.०६५ ग्रॅम) नवी प्रतिकृती रायफल आहे. आतापर्यंत मी तिच्यात तयार काडतुसेच वापरली. या मोसमापासून मात्र काळी दारू (बंदुकीची जुन्या प्रकारची, धूर करणारी पूड) आणि शिशाची ओतीव गोळी वापरून काडतुसे स्वतः भरायला सुरुवात केली आहे. दारू, गोळी आणि वंगण यांविषयी पुष्कळ वाचायला मिळाले, पण पुंगळीविषयी, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या काडतुसाच्या पितळी नळीविषयी, जे मिळाले ते परस्परविरोधी आहे, म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडतो.

माझ्याजवळ एकूण ४३ पुंगळ्या आहेत. त्या तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या असून त्यांपैकी ११ निकेलचा मुलामा दिलेल्या आहेत. बहुतेक सर्व पूर्वी धूररहित दारूने एकदा किंवा दोनदा उडवलेल्या आहेत. काळ्या दारूने त्या उडवल्यावर मला तीन गोष्टी दिसल्या. पहिली, निम्म्याहून अधिक पुंगळ्यांच्या बाहेरच्या अंगावर तोंडापासून जवळजवळ मध्यापर्यंत काजळीचे काळे ओघळ येतात, आणि चेंबरही (नळीच्या मागच्या टोकाचा, काडतूस बसतो तो भाग) तेवढेच काळे होते. दुसरी, दोन पुंगळ्या चेंबरमध्ये इतक्या घट्ट बसल्या की त्या नळीच्या पुढच्या टोकाकडून गज घालून काढाव्या लागल्या. तिसरी, उडवलेल्या पुंगळ्या मी डब्यात तशाच ठेवल्या होत्या. दोन आठवड्यांनी त्या आतून काळ्या-हिरव्या पडल्या होत्या आणि प्राइमरच्या (दारू पेटवणाऱ्या, बुडात बसणाऱ्या टोपीच्या) खळग्यात पांढुरका थर कडक होऊन बसला होता.

माझे प्रश्न असे आहेत. आहेत त्याच पुंगळ्या चालवाव्यात की नव्या घ्याव्यात, आणि घेतल्या तर काय पाहून घ्याव्यात? प्रत्येक वेळी पूर्ण लांबीची साइझिंग डाय (फुगलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) वापरणे आवश्यक आहे का? धुण्याची खात्रीची पद्धत कोणती? आणि तोंड तापवून मऊ करण्याचा जो उपाय सगळीकडे सांगितला जातो, तो नवशिक्याने करावा का?

उत्तर : पुंगळीमोजणी

तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन एकाच कारणातून निघतात, म्हणून आधी त्या कारणाविषयी लिहितो.

पुंगळी ही दारूची डबी आहे असे आपण समजतो, परंतु गोळी सुटते त्या क्षणी ती प्रत्यक्षात एक झडप असते. दाब वाढला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येण्याची वाट बंद करते. दाब उतरला की ते किंचित आक्रसते आणि पुंगळी हाताने निघते. पितळात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते, आणि हे फुगणे व आक्रसणे त्याला चांगले जमते. १८७३ साली अमेरिकी सैन्याने ४५-७० स्वीकारली तेव्हा तिच्या पुंगळ्या तांब्याच्या होत्या. तांबे फुगते, पण पितळाइतके मागे येत नाही. तापलेल्या रायफलीत पुंगळ्या अडकल्याच्या तक्रारी तेव्हाच आल्या आणि पुढे सैन्य पितळाकडे वळले.

आता तुमच्या ओघळांकडे येऊ. काळ्या दारूचा दाब धूररहित दारूच्या मानाने कमी असतो आणि तोंडाजवळचे पितळ पुन्हा पुन्हा डायमधून जाऊन, पसरवले जाऊन आणि दाबले जाऊन कडक झालेले असते. कमी दाबाला कडक पितळ पुरेसे लवकर फुगत नाही, त्यामुळे वायू पुंगळी आणि चेंबर यांच्यामधून मागे सरकतो आणि काजळी सोडून जातो. त्या काजळीचा थर चेंबरमध्ये साठला की पुढची पुंगळी त्याच्यावर घासत आत जाते आणि अडकते. म्हणजे तुमच्या रायफलीत दोष असेलच असे नाही. पुंगळीचे तोंड कडक आहे इतकेच ओघळ सांगत आहेत. तोंड मऊ करण्याविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत, तो भाग त्यांच्यावर सोपवतो.

निवडीविषयी माझे मत ठाम आहे: एका उत्पादकाच्या, एकाच लॉटच्या (एकाच खेपेत घडवलेल्या) १०० नव्या पुंगळ्या घ्या आणि त्या शेवटपर्यंत एकत्र ठेवा. कोणत्या उत्पादकाच्या, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. पत्र्याच्या आकृत्यांवरच्या स्पर्धेत २००, ३००, ३८५ आणि ५०० मीटरवर मिळून ४० आकृत्या असतात. त्यात निशाणी साधण्याच्या गोळ्या धरल्या तर १०० चा संच एक स्पर्धा आणि एक सराव यांना पुरतो. सगळा संच सारख्याच वेळा उडवला गेला पाहिजे, म्हणजे सगळ्यांचे पितळ सारख्याच प्रमाणात कडक होते. डब्यावर खडूने किंवा पेनाने किती वेळा उडवल्या ते लिहीत जा. एवढे केले तरी निम्मे काम होते.

निकेलच्या ११ पुंगळ्या बाजूला काढाव्यात. निकेलचा मुलामा गंज थोपवतो हे खरे, पण तो कडक असतो, तोंडाशी लवकर तडकतो, त्याचे कण डायला ओरखडे पाडू शकतात आणि अशा पुंगळीचे तोंड नीट मऊही करता येत नाही. आपल्या कामात मऊ तोंडच हवे असल्याने त्या काय कामाच्या? पट्ट्यात अडकवून ठेवायला त्या छान दिसतात.

उत्पादकांमधला खरा फरक भिंतीच्या जाडीत असतो आणि त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. समजा गोळीचा व्यास ०.४५९ इंच आहे आणि तोंडाजवळ भिंत ०.००९ इंच जाड आहे, तर भरलेल्या काडतुसाचे तोंड बाहेरून ०.४७७ इंच होते. भिंत ०.०११ इंच असेल तर तेच माप ०.४८१ इंच होते, कारण जाडीतला फरक दोन्ही बाजूंना मिळून दुप्पट होतो. पहिले काडतूस चेंबरमध्ये सहज जाईल, दुसरे कदाचित जाणारच नाही. म्हणून नव्या पुंगळ्या घेताना आपली गोळी, आपले चेंबर आणि त्या पुंगळीची भिंत यांची मापे एकत्र घ्या. एकट्या पुंगळीच्या नावलौकिकावर जाऊ नका.

लांबीविषयीही एक गोष्ट सांगतो. ४५-७० ची कमाल लांबी २.१०५ इंच आहे. सरळ भिंतीची पुंगळी पहिल्यांदा उडवल्यावर रुंद होते आणि त्यामुळे लांबीला किंचित आखूड होते; बाटलीसारख्या मानेच्या पुंगळ्या लांबतात, त्याच्या नेमके उलट. नव्या पुंगळ्या हाती आल्या आल्या कापून सारख्या करण्याची घाई केली, तर एकदा उडवल्यावर त्या हव्या त्यापेक्षा आखूड झालेल्या आढळतात. आखूड पुंगळी आणि चेंबरचा शेवट यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते तिच्यात शिसे आणि काजळी यांचे कडे साठते, आणि ते काढणे कंटाळवाणे असते. त्यासाठी आधी सगळ्या एकदा उडवा, मग मोजा, आणि सर्वांत आखूड पुंगळीच्या मापाला बाकीच्या आणा. याच कारणासाठी २.४ इंचाच्या ४५-९० चेंबरमध्ये ४५-७० ची पुंगळी वापरू नये, जरी ती आत जात असली तरी.

वजनावरून निवड करावी का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण कोणी तरी लवकरच सुचवील म्हणून आधीच लिहितो. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड असते. एखादी पुंगळी दुसरीपेक्षा ५ ग्रेन जड असेल आणि तो सगळा फरक आतल्या भिंतीत आहे असे धरले, तरी आतली जागा फक्त ०.६ ग्रेन पाण्याइतकी कमी होते. सुटी काळी दारू आकारमानाला साधारण पाण्याच्या आसपास भरते, म्हणजे ६५ ग्रेनच्या भरणात एक टक्क्याहूनही कमी फरक पडतो. शिवाय वजनातला बराचसा फरक बुडाच्या कडेच्या जाडीत असू शकतो, ज्याचा आतल्या जागेशी संबंधच नाही. वेगवेगळ्या उत्पादकांच्या पुंगळ्या मिसळल्या तर १० ग्रेनपेक्षा जास्त फरक दिसू शकतो, तेव्हा मिसळू नयेत हे खरे. पण एकाच लॉटमध्ये तराजू घेऊन रात्र जागवण्यापेक्षा ती रात्र तोंडे सारखी करण्यात घालवावी.

पूर्ण लांबीची साइझिंग डाय तुमच्या रायफलीत, त्याच रायफलीत उडवलेल्या पुंगळीला, सहसा लागत नाही. पूर्वी दुसऱ्या रायफलीत उडवलेली पुंगळी एकदा पूर्ण साइझ करावी लागते. त्यानंतर ती तुमच्या चेंबरच्या मापाची होते आणि फक्त गोळी धरण्यापुरते तोंड सारखे करणे पुरते. आमच्यापैकी बरेच जण गोळी अंगठ्याने दाबून बसवतात आणि डाय फक्त तोंडाचा पसरवलेला भाग पुन्हा सरळ करण्यापुरती वापरतात. गोळीचे शिसे मऊ असते. पुंगळीची पकड जास्त झाली तर गोळी बसतानाच आवळली जाऊन तिचा व्यास कमी होतो आणि मग नेम का फिरतो याचे कारण माणूस दारूत शोधत बसतो. एकनळी रायफलीत तोंड गोळीवर मुडपण्याचीही गरज नाही.

उत्तर : घंगाळ

धुण्याविषयी लिहितो.

काळ्या दारूत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन स्वरूपात उरतो. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असते. हे क्षार हवेतील ओल ओढून घेतात, आणि सल्फाइड पितळाला काळे करते. तुमच्या डब्यात दोन आठवड्यांत जे घडले ते हेच. धूररहित दारूची पुंगळी महिनाभर तशीच पडली तरी बिघडत नाही, म्हणून त्या सवयीचा माणूस येथे फसतो.

या सर्व क्षारांचा एक गुण आपल्या फायद्याचा आहे: ते पाण्यात विरघळतात. त्यासाठी महागडे द्रावण लागत नाही, वेळ पाळावी लागते. मी रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी अर्धी पाण्याने भरून त्यात भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब टाकून मैदानावर नेतो. पुंगळी रायफलीतून निघाली की शक्य असेल तेथेच, छोट्या हातपंचाने प्राइमर काढून ती बरणीत जाते. प्राइमर आधी काढणे महत्त्वाचे आहे, कारण तो जागेवर असेल तर खळग्यातले पाणी खेळत नाही आणि तुम्ही वर्णन केलेला पांढुरका थर तेथेच बसतो. घरी येईपर्यंतच्या प्रवासात हेलकाव्यांनीच अर्धी धुलाई होते. बरणीतल्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येईल. तो सल्फाइडचा आहे, घाबरू नये, पण बरणी मोटारीत उघडू नये.

घरी पाणी बदलून गरम पाण्याने दोनदा विसळायचे, बाटलीच्या ब्रशने आतून एक फेरा द्यायचा आणि खळगा लहान ब्रशने पुसायचा. एवढ्याने पुंगळी वापरण्याइतकी स्वच्छ होते. ती काळपट दिसेल, परंतु काळपटपणा आणि घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चकचकीत पुंगळी पाहून निशाण अधिक चांगले लागते, असे माझ्या अनुभवात नाही.

चमक हवीच असेल तर सायट्रिक आम्लाचे अगदी सौम्य द्रावण, म्हणजे चार लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा पूड, दहा मिनिटांसाठी वापरावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. घड्याळ लावून बसा. सुरुवातीच्या काळात मी ३० पुंगळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून विसरलो आणि सकाळी त्या गुलाबी झालेल्या आढळल्या. गुलाबी रंग म्हणजे पृष्ठभागावरचे जस्त निघून गेले आणि तांबे उरले, याची खूण. वरवरचा रंग थोड्या घासण्याने जातो, पण किती खोलवर जस्त गेले ते डोळ्यांना कळत नाही. मी त्या ३० टाकून दिल्या.

फिरत्या ड्रमचा टम्बलर घेत असाल तर पाणी आणि चिनी मातीचे तुकडे हे मिश्रण काळ्या दारूसाठी उत्तम आहे. स्टीलच्या बारीक पिनांनीही पुंगळ्या आतपर्यंत झळकतात, पण ड्रम फार वेळ फिरवला तर पुंगळ्यांची तोंडे एकमेकांवर आपटून त्यांच्या कडा जाडसर होतात, आणि एखादी पिन ठिणगीच्या छिद्रात अडकून राहते. भरण्यापूर्वी प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून आत पाहण्याची सवय लावून घ्या. कोरड्या भुशाच्या टम्बलरमध्ये न धुतलेल्या पुंगळ्या कधीही टाकू नका. तो भुसा क्षारांनी भरतो आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीला तेच क्षार लावत बसतो. शिवाय प्राइमरच्या अवशेषांतले शिसे भुशाच्या धुळीत येते, त्यामुळे चाळताना नाकाला फडके बांधावे आणि नंतर हात धुवावेत.

वाळवणे धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे. तोंड खाली करून पुंगळ्या दिवसभर जाळीवर ठेवा, किंवा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ओव्हनमध्ये तासभर. ओलसर पुंगळीत दारू भरणे म्हणजे आधीची सगळी मेहनत पाण्यात.

एक गोष्ट मात्र जन्मात करू नका. घरातील पितळ चकाकवण्याच्या अनेक पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि अमोनिया ताणाखाली असलेल्या पितळाला आतून चिरा पाडतो. याचा इतिहासच मुळी काडतुसांचा आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली जात, आणि पाऊस ओसरेपर्यंत त्यांच्या पुंगळ्या आपोआप चिरलेल्या आढळत. या प्रकाराला इंग्रजीत सीझन क्रॅकिंग असे नाव पडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतील ओल आणि घडणीच्या वेळी पितळात राहिलेला ताण या तिन्हींचा तो संयोग आहे, असे १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणून अमोनियाची पॉलिश तर नकोच, पण खते किंवा अमोनिया असलेली स्वच्छतेची द्रावणे ज्या कपाटात आहेत त्यातही पुंगळ्या ठेवू नयेत.

एकनळी

दोघांचेही मनापासून आभार. भिंतीच्या जाडीचा हिशोब मी लगेच करून पाहिला. माझ्याकडील एका उत्पादकाच्या पुंगळ्या ०.००८ इंच आणि दुसऱ्याच्या ०.०११ इंच भरल्या, आणि ज्या दोन अडकल्या होत्या त्या दोन्ही जाड भिंतीच्या निघाल्या. म्हणजे काजळीबरोबर हेही कारण असावे. आता तोंड मऊ करण्याविषयी कोणी सांगावे; टॉर्च घेऊन पुंगळीजवळ जाण्याची मला अजून भीती वाटते.

उत्तर : तापलेले_पितळ

भीती वाटते हे चांगले आहे, कारण या कामात बिघडते ते तोंड नव्हे, बूड बिघडते.

पितळ ठोकले, वाकवले किंवा दाबले की कडक होते, आणि तापवले की मऊ होते. तांबट भांडे ठोकता ठोकता मधूनच ते भट्टीत धरतो, ते याचसाठी. ध्यानात ठेवण्याचा भाग असा की ही क्रिया उष्णतेने उलट फिरत नाही: पोलाद लाल करून पाण्यात बुडवले तर कडक होते, पितळ तसे होत नाही. पितळ कडक करायचे तर ते पुन्हा ठोकावेच लागते. म्हणून पुंगळीचे बूड एकदा मऊ झाले की ती पुंगळी कायमची बाद झाली. बुडाने दाब पेलायचा असतो, प्राइमर धरायचा असतो आणि ओढणीचा (पुंगळी चेंबरमधून बाहेर ओढणाऱ्या आकड्याचा) जोर सोसायचा असतो. ते कारखान्यात जाणूनबुजून कडक ठेवलेले असते. तोंड मऊ आणि बूड कडक, या दोन टोकांमध्ये फक्त दोन इंचांचे अंतर आहे आणि पितळ उष्णता झपाट्याने वाहून नेते. आपले सगळे कौशल्य म्हणजे उष्णता तोंडाला पोचवून ती बुडापर्यंत जाण्याआधी थांबणे.

तापमान आणि वेळ यांचा मेळ असतो. साधारण २५० अंश सेल्सिअसला पितळ मऊ होऊ लागते, पण त्याला बराच वेळ लागतो. ४०० अंशांच्या आसपास तेच काम काही सेकंदांत होते. म्हणूनच ओव्हनमध्ये पुंगळ्या भाजून काही साधत नाही. एक तर त्या मऊ होत नाहीत, आणि झाल्याच तर बुडासकट होतात.

माझी रीत अशी. हाताच्या ड्रिलमध्ये खोल पान्याची वाटी बसवतो, जिच्यात पुंगळीचा बुडाकडचा भाग सैलसर बसतो आणि तोंडाकडचा सुमारे एक इंच बाहेर राहतो. ड्रिल हळू फिरवत तोंडाचा वरचा अर्धा इंच प्रोपेन टॉर्चच्या निळ्या ज्योतीत धरतो. खोलीत दिवा मंद असतो. टॉर्चच्या जोरावर अवलंबून सहा ते आठ सेकंदांत पितळाचा रंग बदलतो. लालीची पहिली चाहूल लागायच्या आधीच पुंगळी पाण्याच्या बादलीत टाकतो. पितळ स्पष्ट लाल दिसले तर मर्यादा ओलांडली, ती पुंगळी टाकून द्या. पाण्यात टाकण्याने पितळ अधिक मऊ होत नाही किंवा कडकही होत नाही. त्याने फक्त उष्णतेची बुडाकडची वाटचाल थांबते. वाटी गरम होत जाते, म्हणून दर दहा पुंगळ्यांनंतर तीही थंड करावी.

नवशिक्याने डोळ्यांवर विसंबू नये. ठरावीक तापमानाला वितळणारा सूचक रंग मिळतो. ४०० अंशांचा रंग तोंडाच्या आतल्या बाजूला लावा आणि कमी तापमानाचा, २५० अंशांच्या आसपासचा, बुडाच्या थोडा वर. वरचा वितळला पाहिजे, खालचा वितळता कामा नये. पहिल्या पाच पुंगळ्या टाकाऊच घ्या. तुमच्याजवळ मिसळलेल्या पुंगळ्या आहेतच, त्यांचा यासाठी चांगला उपयोग होईल. घड्याळाने सेकंद ठरवून घ्या आणि मग नव्या लॉटवर तेच सेकंद पाळा, म्हणजे सगळ्या तोंडांना सारखी आच मिळेल. एक मऊ आणि एक कडक, अशा मिश्रणापेक्षा सगळ्याच थोड्या कडक असलेल्या बऱ्या.

पूर्वी मी जुन्या पद्धतीप्रमाणे ताटात पाणी घेऊन पुंगळ्या उभ्या करत असे, तोंडाला आच देत असे आणि पुंगळी काडीने आडवी पाडत असे. बूड पाण्यात असल्याने ते सुरक्षित राहते हे खरे, परंतु ज्योतीची एक बाजू नेहमी जास्त तापते. माझ्या त्या काळातील पुंगळ्यांची तोंडे एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने कडक होती, आणि काजळीचे ओघळही एकाच बाजूला दिसत. ते पाहिल्यावर ड्रिल घेतले.

किती वेळा करावे? मी दर तीन वेळा उडवल्यानंतर करतो. स्पर्धेत उतरणारे काही जण प्रत्येक वेळी करतात. नव्या पुंगळ्यांची तोंडेही कधी कधी काळ्या दारूसाठी कडक येतात, म्हणून पहिल्या दहा उडवून त्यांवर ओघळ दिसले तर पूर्ण लॉट एकदा मऊ करून घ्यावा. तुमचे ओघळ तोंडापासून पाव इंचात थांबू लागले की समजा जमले.

उत्तर : मार्टिनीवाला

वरच्या सर्व गोष्टी मान्य आहेत. माझी रायफल मार्टिनी-हेन्री, म्हणजे ५७७/४५० ची, बाटलीच्या आकाराची मोठी पुंगळी घेणारी असल्याने माझे दुखणे थोडे निराळे आहे, आणि ते येथे नोंदवावेसे वाटते.

१८७१ साली ब्रिटिश सैन्याने ही रायफल स्वीकारली तेव्हाची पुंगळी एकसंध नव्हतीच. पातळ पितळी पत्रा गुंडाळून ती केलेली असे आणि लोखंडी बुडाला जोडलेली असे. ती सहज चेपायची, आणि सुदानच्या मोहिमेत ती अडकल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की पुढे एकसंध ओढीव पुंगळी आली. आज आम्ही काही जण २४ गेजच्या पितळी शॉटगन पुंगळीवरून ती घडवतो. पुंगळी डायमध्ये टप्प्याटप्प्याने आवळत नेताना मधे दोनदा तरी मऊ करावी लागते, नाहीतर मानेवर सुरकुत्या पडतात. तुमच्या सरळ पुंगळीचा मला हेवा वाटतो.

एक माहिती गमतीची म्हणून सांगतो. एका छिद्राची, सहज प्राइमर निघणारी पुंगळी ज्या प्राइमरवर चालते तो बॉक्सर हा ब्रिटिश होता, आणि दोन छिद्रांची, पंचाने प्राइमर न निघणारी पुंगळी ज्यावर चालते तो बर्डन अमेरिकी; पण बॉक्सरची रचना अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. पुंगळ्या विकत घेताना आत डोकावून मधोमध एकच छिद्र आहे ना हे पाहावे. दोन छिद्रे असतील तर तुमच्या डायची, प्राइमर बाहेर ढकलणारी सुई मोडेल.

तसेच जुन्या संग्रहातील पुंगळ्या कोणी स्वस्तात देत असेल तर त्यांचे बूड आतून पाहावे. जुन्या घडणीत प्राइमरचा खळगा आत उंचवट्यासारखा वर आलेला असतो आणि त्याभोवतीचे पितळ पातळ असते. त्यांत जागा जास्त असल्यानेच ७० ग्रेन दारू सहज मावत असे. आजच्या भरीव बुडाच्या पुंगळीत तेवढी दारू लांब नळीतून सोडून आणि दाबूनच बसवावी लागते. अशा जुन्या पुंगळ्या कपाटात ठेवाव्यात, चेंबरमध्ये नाही. पाऱ्याच्या प्राइमरने उडवलेल्या असतील तर पारा पितळात मुरून ते ठिसूळ झालेले असते, आणि तो दोष बाहेरून दिसत नाही.

पुंगळीमोजणी

मार्टिनीवाल्यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, पुंगळी कधी टाकून द्यावी हेही लिहून ठेवतो. तोंडाला उभी चीर गेली तर ती पुंगळी संपली, आणि लॉटमधील बाकीच्यांना मऊ करण्याची वेळ झाली. प्राइमर बोटाच्या जोराने आत जाऊ लागला तर खळगा सैल झाला. बुडापासून थोड्या वर, अंगाभोवती चकचकीत कडे दिसले तर तारेचे टोक काटकोनात वाकवून आतून फिरवावे. टोक खाचेत अडकले तर भिंत तेथे पातळ होऊन सुटण्याच्या बेतात आहे. काळ्या दारूच्या दाबाला हा शेवटचा प्रकार क्वचित घडतो, पण एकनळींच्या जुन्या पुंगळ्या धूररहित दारूनेही उडवलेल्या आहेत, म्हणून तपासाव्यात.

एकनळी

तारेने तपासले. ३२ साध्या पुंगळ्यांपैकी एकीत टोक स्पष्ट अडकले. ती करवतीने उभी कापून पाहिली तर खाच डोळ्यांना दिसली. तिचे दोन्ही अर्धे भाग आता भरण्याच्या टेबलावर ठेवले आहेत. उरलेल्या ३१ आणि निकेलच्या ११ टॉर्चच्या सरावासाठी बाजूला काढल्या आहेत आणि एका लॉटच्या १०० नव्या पुंगळ्या मागवल्या आहेत. मागवण्यापूर्वी भिंतीची जाडी विचारून घेतली.

एक शंका राहिली. अंगठ्याने गोळी बसवायची तर गोळी पुंगळीत सैल राहणार. ती दारूवर टेकलेलीच राहील याची खात्री कशी धरायची? काळ्या दारूवर रिकामी जागा राहता कामा नये, हे मी सर्वत्र वाचले आहे.

तापलेले_पितळ

दारू आधी पुठ्ठ्याच्या चकतीसह दाबण्याच्या डायने हव्या त्या उंचीला बसवून घ्या, म्हणजे गोळीचे बूड चकतीवर टेकते आणि मधे जागा राहत नाही. गोळी ठेवल्यावर काडतूस उलटे करून हलकेच झटका द्या. गोळी पुढे सरकली तर तोंड डायमध्ये केसभर अधिक आत घ्या. आणि काडतूस चेंबरमध्ये घातल्यावर न उडवता बाहेर काढावे लागले, तर ते गोळीसकट निघाले का ते पाहा. गोळी नळीत राहिली असेल तर दारू रायफलीचे चेंबर मागून बंद करणाऱ्या ठोकळ्यावर सांडलेली असेल. ती पूर्ण झाडून, गोळी मागे ढकलून काढल्याशिवाय पुढचे काडतूस घालू नये.